पुढच्या नंबरचं वाक्य

थांबा, आधी हे ऐका. हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्या सकाळपर्यंत थांबले तर आई मला समजावेल, मैत्रिणी समजावतील, मी शहाणी होईन आणि सरांना सॉरीचा मेसेज टाकून मोकळी होईन. मला शहाणं व्हायचं नाहीये. म्हणून एका दमात टाइप करतेय, चुका दिसल्या तर पोटात घाला.

तर परवापर्यंत, म्हणजे शनिवारपर्यंत, मी कसबा पेठेत इंग्लिश स्पीकिंगच्या एका क्लासमध्ये शिकवत होते. आता शिकवत नाही. आणि ज्या काकूंच्या इंटरव्ह्यूसाठी हे सगळं केलं त्या आज दुपारी इंटरव्ह्यू देऊन बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या की... नाही, सुरुवातीपासूनच सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळणार नाही.

क्लास म्हणजे वरच्या मजल्यावरची एकच खोली. खाली तांबटाचं दुकान. सकाळी नऊपासून तांब्याची भांडी ठोकणं चालू, एक वाजता बंद, तीनच्या ठोक्याला परत चालू. बायकांची बॅच म्हणून दीड ते पावणेतीन. पोरांची बॅच चारला असते, तेव्हा खाली ठोकाठोक चालूच असते, पण सरांचं म्हणणं असं की पोरांचा आवाज ठोक्यांच्या वरून जातो, बायकांचा जात नाही. हे वाक्य लक्षात ठेवून मी तीन वर्षं गप्प होते. तीन वर्षं!

सर म्हणजे क्लासचे मालक आणि माझेही सर. मी सहावीत असताना बाबा मला वारज्याहून स्कूटरवर सोडायला यायचे. तेव्हाही हीच खोली, हेच बाक आणि हीच गुलाबी पुस्तिका. पुस्तिकेत सरांनी स्वतः लिहिलेली शंभर वाक्यं, नंबर घालून. पद्धत एकच. उभं राहायचं, हात मागे बांधायचे आणि सगळ्यांनी एका सुरात एक ते शंभर म्हणायचं. मधे थांबायचं नाही. शब्द बदलायचा नाही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी 'ऐकवणी'. हा शब्दसुद्धा सरांचाच. त्या दिवशी घरचे लोक, गल्लीतले दोघंतिघं आणि नवीन नाव घालायला आलेले पालक बाकांवर बसतात आणि प्रत्येक बॅच शंभर वाक्यं ऐकवते. मी सहावीत ऐकवणीला पहिल्या रांगेत होते. मला फार आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू.

आता त्यातली एकेचाळीस ते साठ ही वाक्यं एकाच जातीची. फळ्यावर सर असं समजावतात: मराठीत आपण म्हणतो प्यायला पाणी, वाचायला पुस्तक. आधी कशासाठी ते, मग वस्तू. इंग्लिशमध्ये उलटं. आधी वस्तू, मग 'टु', मग कशासाठी. वॉटर टु ड्रिंक. अ बुक टु रीड. मस्त समजावतात, खरंच. आणि मग फळा पुसून म्हणतात, "चला, एकेचाळीसपासून."

शेहेचाळीस: आय हॅव अ लेटर टु राइट. सत्तेचाळीस: आय हॅव अ लेटर टु पोस्ट. अठ्ठेचाळीस: आय हॅव अ क्वेश्चन टु आस्क. एकोणपन्नास: आय हॅव अ हॉर्स टु राइड.

घोडा! आमच्या त्या गल्लीत रिक्षावाला यायला तयार नसतो, आणि आम्ही सगळे हात मागे बांधून ओरडतोय की आम्हाला घोड्यावर बसायचंय. बाराव्या वर्षी मी एकदाही विचारलं नाही की कुठला घोडा. तेविसाव्या वर्षीही नाही. मीही तेच शिकवत होते.

आता काकू. बायकांच्या बॅचमध्ये सात जणी, त्यातल्या ह्या सगळ्यात मोठ्या. मार्केट यार्डात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर बारा वर्षं लसूण निवडतात. मोठा गड्डा इकडे, फुटका तिकडे, ओला बाजूला. दहावी पास. कुणीतरी सांगितलं की एका मोठ्या दुकानात, त्या एसी आणि ट्रॉलीवाल्या, भाजीच्या विभागात बाई हवी आहे. भाजी कळणारी आणि गिऱ्हाइकाशी दोन वाक्यं इंग्लिश बोलणारी. काकूंनी त्यासाठीच क्लास लावला होता. पहिल्याच दिवशी वस्तू आधी आणि काम मागून हे ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "बरंय की. आमच्या गाळ्यावर आधी काम सांगतात आणि वस्तू शोधत बसायला लावतात. हे लोक आधी हातात देतात, मग सांगतात." अख्खी बॅच हसली होती.

मागच्या मागच्या बुधवारी त्यांचा इंटरव्ह्यू होता. गुरुवारी क्लासला आल्या त्या गप्प. बाकीच्या विचारून विचारून दमल्या. शेवटी मी म्हटलं, "काकू, झालं काय?"

"झालं काय? घोडा आला."

"म्हणजे?"

"अहो मॅडम, सगळं नीट चाललेलं. ती मुलगी तुमच्याच वयाची, गोड बोलत होती. लसणाचं विचारलं, कांद्याचं विचारलं, मी सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्लिशमध्ये. तिला पटत होतं. शेवटी म्हणाली, डू यू हॅव एनी क्वेश्चन टु आस्क? आणि मी उठले."

"उठलात?"

"उठले. हात मागे बांधले. आणि म्हणाले, आय हॅव अ हॉर्स टु राइड."

सगळी खोली हसून फुटली. ब्लाउज शिवणाऱ्या ताई तर डोकं बाकावर टेकवून हसत होत्या. काकूही हसल्या. मग हसणं थांबल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "आधी तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिच्या लक्षात आलं की मी चेष्टा करत नाहीये. ते जास्त वाईट होतं."

मला तिथल्या तिथे लाज वाटली. कारण चूक काकूंची नव्हती. अठ्ठेचाळीस ऐकलं की जीभ आपोआप एकोणपन्नासवर जाते. आम्ही तेच तर शिकवलं होतं. आम्ही त्यांना बोलायला शिकवलंच नव्हतं, पुढचा नंबर म्हणायला शिकवलं होतं.

पण त्या मुलीने काकूंना एकदम नाही म्हटलं नव्हतं. भाजी चांगली कळते, इंग्लिश जरा करून या, म्हणाली. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी परत. म्हणजे हातात अकरा दिवस.

त्याच दिवशी तीन वाजता, खाली ठोके सुरू झालेले असताना, मी सरांना सगळं सांगितलं. सर शांतपणे पोरांच्या वह्या तपासत होते.

"सर, तो घोडा काढूया का?"

"घोडा बावीस वर्षं पुस्तिकेत आहे. आजवर त्याने कुणाला लाथ मारलेली नाही."

"काकूंना मारली ना सर काल."

सरांनी चष्मा काढला. "हे बघ. या बायका पहिल्या दिवशी आल्या तेव्हा स्वतःचं नाव सांगताना पदर तोंडावर धरत होत्या. सगळ्यांबरोबर ओरडल्या म्हणून तोंड उघडलं. आधी लाज मोडावी लागते. तुझीही अशीच मोडली. विसरलीस?"

विसरले नव्हते. सर चुकीचं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत. मी म्हटलं, "लाज मोडलीय सर त्यांची. आता पुढे? मला फक्त दहा दिवस द्या. या बॅचला पुस्तिका नको."

"दुसऱ्या शनिवारी ऐकवणी आहे. शंभर वाक्यं होतील. त्यानंतर तुला हवं ते कर."

"त्यांचा इंटरव्ह्यू ऐकवणीनंतर दोनच दिवसांनी आहे."

"मग त्यांनी सोमवार बदलून घ्यावा," सर म्हणाले आणि पुढची वही उघडली.

सोमवार बदलून घ्यावा! म्हणजे ऐकवणी हलणार नाही, कॅलेंडर हलेल. मी जिना उतरताना एवढी चिडले होते की स्कूटीची किल्ली लावायची सोडून स्कूटीलाच लाथ मारली. पाय दुखला. असो.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी सातही जणींच्या पुस्तिका गोळा केल्या आणि कपाटात ठेवून दिल्या. न विचारता. हे मी केलं, कबूल आहे. बायका घाबरल्या. एकीने पुस्तिकेला साडीच्या खोक्याच्या कागदाचं कव्हर घातलं होतं, ती दोनदा म्हणाली, "परत मिळेल ना?" डबे करणाऱ्या ताई म्हणाल्या, "मग आता म्हणायचं काय?"

"तुमच्या पिशवीत काय आहे ते काढा आणि ते कशासाठी आहे ते सांगा."

काकूंनी पिशवीतून दाभण काढलं, गोणी शिवायची ती मोठी सुई. पोझिशन घेतली, हात मागे जायला लागले. मी म्हटलं, "हात पुढे. हातात सुई आहे." काकू म्हणाल्या, "आय हॅव अ..." आणि तोंडातून आलं, "लेटर टु राइट." परत. "आय हॅव अ..." "लेटर टु पोस्ट." त्यांनी स्वतःच्या तोंडावर चापट मारली. "अहो हे थांबतच नाही! गिरणी बंद करायची राहिल्यासारखं झालंय."

तो सगळा दिवस त्यात गेला. शेवटी आम्ही ते 'आय हॅव'च काढून टाकलं. नुसती वस्तू हातात धरायची, तिच्याकडे बघायचं आणि मग बोलायचं. अ नीडल टु स्टिच द सॅक. कात्री: सिझर्स टु कट द क्लॉथ. डबेवाल्या ताईंच्या पिशवीत लसूण-आलं निघालं, तर काकू लगेच, "हा लसूण कुठून घेतला? हा ओला आहे, आठ दिवसांत सडेल." मी ओरडले, "काकू, इंग्लिशमध्ये!" काकू थांबल्या, लसणाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "धिस इज नॉट गार्लिक टु कीप. धिस इज गार्लिक टु ईट टुडे."

मी उडीच मारली. लिटरली. पुस्तिकेतल्या कुठल्याच नंबरात हे नाहीये! ते वाक्य कुणी लिहून दिलं नव्हतं, ते लसणातून आलं होतं.

मग चार दिवसांनी पिशव्या संपल्या. तेव्हा मी म्हटलं, आता जे आपल्याकडे नाहीये ते सांगा. मला वाटलं सोपं जाईल. सगळ्या रिकाम्या पिशव्यांच्या तळाशी बघत बसल्या. मग ब्लाउजवाल्या ताई म्हणाल्या, "आय हॅव नो ब्लाउज टु वेअर." सगळ्या हसल्या. त्या नाही हसल्या. म्हणाल्या, "खरंच. सगळ्या पेठेचे शिवते. दिवाळीला माझा राहूनच जातो." साडीच्या कागदाचं कव्हर घालणारी मुलगी, लग्न होऊन वर्ष झालंय तिचं, ती म्हणाली, "आय हॅव नो वन टु टॉक टु." आणि लगेच, "असंच, उदाहरण म्हणून." तिच्या शेजारच्या बाईने तिचा हात धरून ठेवला होता, तो क्लास संपेपर्यंत सोडला नाही.

काकूंची पाळी आली. त्या म्हणाल्या, "मॅडम, माझं नाहीये वालं नाही, आहे वालं आहे. चालेल?"

"चालेल."

"आय हॅव अ मॅन टु फीड. अँड ही इज नॉट सिक."

त्या दिवशी हसून हसून पोट दुखलं आमचं. आणि खरं सांगू, त्या खोलीत मी एवढी वर्षं शिकले आणि शिकवलं, पण त्या आठवड्यात जेवढं खरं इंग्लिश ऐकलं तेवढं आधी कधीच ऐकलं नव्हतं.

ऐकवणीच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, सरांनी खडू काढायला कपाट उघडलं. सात गुलाबी पुस्तिका एकावर एक. त्यांनी वरची उचलली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाले, "पुस्तिका विश्रांती घेतायत वाटतं." मी फळा पुसायला लागले. "परवा मी समोरच बसणार आहे," एवढं बोलून त्यांनी खडू घेतला.

मी घाबरले. हो, घाबरले, उगाच शूर असल्याचा आव आणत नाही. शुक्रवारी मी बायकांना म्हटलं, "उद्या आपण शंभर म्हणून टाकू. पाठ तर आहेतच. बारा मिनिटांचं काम. खरा दिवस सोमवार आहे."

सगळ्या हो म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "मी नाही म्हणणार."

"काकू, प्लीज. माझी नोकरी आहे हो."

"तुमची नोकरी आहे, माझीही व्हायचीय. आठ दिवस लागले मला तो घोडा बांधून ठेवायला. उद्या परत शंभर वेळा सोडला तर सोमवारी तो तिथे माझ्या आधी जाऊन बसेल. तुम्ही बाकीच्या म्हणा. मी तोंड मिटून उभी राहते."

"सरांना कळेल."

"कळू दे. मी काय त्यांच्या घरचं खाते?"

मी फळ्याकडे बघत राहिले. तिथे सकाळी कुणीतरी अर्धवट पुसलेलं 'टु' राहिलं होतं. मला एकदम स्वतःचाच राग आला. ही बाई आठ दिवस पहाटे लसूण निवडून, इथे येऊन, तोंडावर चापटा मारून घेऊन एकेक वाक्य कमावतेय आणि मी तिला सांगतेय की बारा मिनिटं परत हात मागे बांध. कशासाठी? माझं बरं दिसावं म्हणून. मी म्हटलं, "बरं. मग कुणीच म्हणायचं नाही. उद्या सगळ्यांनी आपापलं."

शनिवारी खोली भरलेली. आधी पोरांनी शंभर म्हटली, खिडकीची काच हलली, टाळ्या. मग आम्ही. सर पहिल्या बाकावर, मांडीवर पुस्तिका उघडी. मी म्हटलं, "आज या बॅचच्या वाक्यांना नंबर नाहीत." सरांची मान हलली नाही.

आणि सिनेमात होतं तसं काही झालं नाही हं. लोकांना कळेचना काय चाललंय. एक आजोबा पुस्तिकेची पानं उलटून शेजाऱ्याला विचारत होते, "हे कितवं?" ब्लाउजवाल्या ताई अडखळल्या, परत पहिल्यापासून म्हणाल्या. एकेकीला वेळ लागत होता, कारण जी ती शोधून बोलत होती. त्यात तीन वाजले. खाली ठण्ण. ठण्ण. ठण्ण. अजून काकू राहिल्या होत्या. सरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं, म्हणजे बास.

काकू पुढे आल्या आणि असा आवाज लावला! बाजारात लिलावाच्या वेळी चालतो तो. "आय हॅव ट्वेल्व्ह इयर्स टु शो! आय हॅव टू हँड्स टु वर्क! आय हॅव अ माउथ टु स्पीक!" ठोक्यांच्या वरून. आरामात वरून. पहिलं वाक्य जरा वाकडंच होतं, मला ते सुचलंही नव्हतं आणि मी ते सुधारणारही नाही.

दोनचार टाळ्या पडल्या. पोरांनी वाजवल्या, बहुतेक आवाजासाठी.

लोक गेल्यावर सर म्हणाले, "पुढच्या ऐकवणीला परत शंभर होतील. आत्ता हो म्हण आणि विषय संपव." तुम्हाला सांगते, ते मला सोडत होते. खरंच सोडत होते. नुसतं हो म्हणायचं होतं. आणि मी म्हटलं, "सर, तुम्ही बावीस वर्षं लोकांना घोड्यावर बसवलंत, उतरायला कुणालाच नाही शिकवलं."

खाली ठण्ण, ठण्ण. सरांनी चष्मा घातला. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा 'आपण' म्हणाले. "आपण फार पुढे गेला आहात. सोमवारपासून आपण येण्याचे कष्ट घेऊ नयेत." सहावीपासून जो माणूस मला 'तू' म्हणतोय त्याने 'आपण' म्हटलं की काय होतं, ते पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. त्याच्यापेक्षा त्यांनी वही फेकून मारली असती तर बरं वाटलं असतं.

रविवार मी गादीवर आडवी पडून काढला. आई म्हणत होती, "फोन कर, वडीलधारे आहेत, माफी माग." मी म्हटलं, उद्या काकूंचं होऊ दे, मग बघू. माझं सगळं तिथे अडकलं होतं. त्यांचं झालं की माझं गेलेलं वसूल, असं काहीतरी डोक्यात.

आज दुपारी काकूंना मार्केट यार्डातून मीच स्कूटीवर घेऊन गेले. त्यांनी साडी बदलली होती पण हाताला लसणाचा वास होताच. "येऊ दे वास," म्हणाल्या, "त्यासाठीच बोलावलंय ना." त्या आत गेल्या, मी पार्किंगमध्ये उभी. वीस मिनिटं. पंचवीस. मी नखं खाऊन संपवली.

आल्या. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काकू! झालं का?"

"झालं की. घेतलं त्यांनी."

मी किंचाळले. वॉचमन बघायला लागला. मी त्यांना मिठी मारली, त्या म्हणाल्या, "थांब, थांब, पुढचं ऐक." पहिल्यांदाच 'मॅडम' गेलं आणि मी 'तू' झाले. "सगळं झाल्यावर तिने परत तेच विचारलं. डू यू हॅव एनी क्वेश्चन टु आस्क."

"आणि?"

"बसूनच राहिले. हात पुढे. म्हणाले, येस. इज देअर अ चेअर टु सिट ऑन? शेवटचं 'ऑन' पण म्हणाले हं."

"वा! मग?"

"ती म्हणाली, नो. स्टाफने उभंच राहायचं. मी विचारलं, गिऱ्हाईक नसेल तेव्हा? तेव्हाही. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात. मी तिला सांगितलं, मार्केट यार्डात मी निदान बारदानावर तरी बसते. पाठ दुखते, पण बसते. म्हटलं, आय हॅव अ गुड रीझन टु से नो. थँक यू. आणि आले."

मला आधी कळलंच नाही. "आले म्हणजे? नाही म्हणून आलात?"

"हो."

आणि मग माझा तोल गेला. खरंच गेला, पार्किंगमध्ये, वॉचमनच्या देखत. "काकू, तुम्हाला कळतंय का? दहा दिवस! तुमच्यासाठी माझी नोकरी गेली!"

काकूंनी पिशवी खांद्यावर नीट केली. "माझ्यासाठी गेली होय? मला वाटलं तुझ्या तोंडामुळे गेली."

मी पर्समध्ये स्कूटीची किल्ली शोधायला लागले.

"सर तुला सोडत होते. जिन्यात उभी होते मी, ऐकलं सगळं. तू सोडून घेतलंस का? नाही ना? मग मला का सांगतेस?"

"पण काकू, नोकरी मिळाली होती हो!"

"मिळाली होती, म्हणून तर नाही म्हणता आलं. मागच्या वेळी त्यांनी मला नाही म्हटलं होतं. ह्या वेळी मी म्हटलं. अजून चार दुकानं आहेत. जाईन की. विचारीन की. आता विचारता येतं ना." मग स्कूटीवर बसता बसता, "आणि तूही बघ काहीतरी. आमच्या विहारातली अभ्यासिका दुपारी रिकामी असते. मी बोलते तिथल्या ताईंशी. पण रागाच्या भरात शिकवायला येऊ नकोस, आधी जेव."

मार्केट यार्डापर्यंत मी नुसता हॉर्न वाजवत गेले. एवढी चिडले होते आणि एवढं हसू येत होतं की दोन्ही एकदम कसं करायचं ते कळत नव्हतं. त्यांना गाळ्यावर सोडलं. त्या पदर खोचून पोत्यापाशी बसल्या आणि लसणाचे गड्डे हातात घेऊन टकाटक फेकायला लागल्या, जशा काही चहा पिऊन आल्यात.

आता संध्याकाळ आहे. आई स्वयंपाकघरातून दर दहा मिनिटांनी विचारतेय, सरांना फोन केलास का. नाही केला. करणार नाही. सरांनी माझी लाज मोडली त्याबद्दल मी त्यांना आयुष्यभर मानीन, पण माफी मागायला मला त्यात काही सापडत नाहीये. ग्रुपवर सहा जणींचे मेसेज आलेत, उद्या कुठे भेटायचं म्हणून. मला माहीत नाही कुठे. आणि हो, काकूंनी नोकरी घ्यायला हवी होती असं मला अजूनही वाटतं! अजूनही! पण मी त्यांना विचारायला शिकवलं आणि वर अशी अपेक्षा केली की त्या मला आवडेल तेवढंच विचारतील, हे आत्ता टाइप करताना मला दिसतंय आणि मी सरांवर एवढी का ओरडले तेही जरा जरा दिसतंय.

तुम्ही सांगा ना. तुमच्या बाबतीत असं झालंय का कधी? तुम्ही कुणाला तरी तोंड उघडायला मदत केलीत, त्यासाठी भांडलात, काहीतरी गमावलंत, आणि त्या माणसाने तोंड उघडून तुम्हाला नको असलेलंच बोलून दाखवलं? आणि मग तुम्ही काय केलंत, चिडलात की हसलात?